ब्रुसेल्सची साखर आणि वाळव्याचा काटा

२०१९ साली सांगलीच्या वाट्याला दोन गोष्टी आल्या. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली आणि नंतरचे कित्येक आठवडे तांदूळ, चादरी, पाण्याच्या बाटल्या भरलेले टेम्पो जिल्ह्यात येत राहिले. त्याआधी, फेब्रुवारीत, ब्राझीलनं जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेकडे भारताविरुद्ध तक्रार नोंदवली होती. विषय ऊस आणि साखर. मार्चमध्ये ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला हे देशही तक्रारदार झाले. पुराच्या आठवणी अजून निघतात. त्या तक्रारीबद्दल मात्र गावात कुणी बोललेलं मी ऐकलं नाही, आणि ती ज्या पैशाबद्दल होती तो पैसा दर हंगामात आमच्याच खात्यावर जमा होतो.

सेवाभावी संस्था म्हटलं की आपल्याकडे तो टेम्पो आठवतो. नाहीतर वह्यावाटप, आरोग्य शिबिर, चारा छावणी. देणगीच्या पैशातून कुणी व्यापाराची कलमं वाचणारी माणसं पगारावर ठेवतं, मंत्र्यांच्या बैठकीबाहेर ठाण मांडतं, असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो, मग गरिबाच्या हातात काय पडलं? प्रश्न रास्त आहे. तो पडताळून पाहायला ऑक्सफॅम या ब्रिटिश सेवाभावी संस्थेनं युरोपीय संघाच्या साखर धोरणाविरुद्ध २००२ पासून चालवलेल्या मोहिमेइतकं सोयीचं प्रकरण दुसरं नाही, कारण त्यातला माल आपल्या ओळखीचा आहे. कोटा, उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण), निर्यात, अनुदान हे शब्द इथल्या पारावर रोज बोलले जातात. मी अर्थशास्त्र शिकवतो आणि घरचा ऊस वाळवा तालुक्यातून कारखान्याला जातो, तेव्हा मी त्रयस्थ नाही हे आधीच सांगून टाकतो.

अ, ब आणि क

१९६८ पासून युरोपात साखरेची एक बंदिस्त व्यवस्था होती. बीटपासून साखर करणाऱ्या कारखान्यांना कोटा ठरवून दिलेला आणि त्या कोट्यातल्या पांढऱ्या साखरेला टनाला सुमारे ६३२ युरोचा आधार. जागतिक बाजारातला भाव याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास रेंगाळत असे. बाहेरची स्वस्त साखर आत येऊ नये म्हणून आयातशुल्काची भिंत. कोट्याचे अ आणि ब असे दोन वर्ग, आणि त्यावर जी साखर होईल ती क. ही क साखर युरोपात विकायला मनाई होती. ती बाहेरच घालवायची, आणि तिच्यावर सरकार एक पैसाही अनुदान देत नाही, असं कागदावर लिहिलेलं.

आपल्याकडे २०१३ पर्यंत लेव्ही होती. लेव्हीची साखर सरकार स्वस्तात उचलायचं आणि कारखाना उरलेल्या साखरेवर ती तूट भरून काढायचा. युरोपात बरोबर उलटं होतं. कोट्यातली साखर इतकी महाग विकली जायची की कारखान्याचा सगळा कायमचा खर्च तिच्यातच निघायचा, मग क साखर उत्पादनखर्चाच्या कितीतरी खाली विकली तरी कुणाचं बिघडत नव्हतं. युरोप वर्षाला ५० लाख टनांच्या आसपास साखर बाहेर घालवत होता. बीटची साखर उसाच्या साखरेपेक्षा करायला महाग, आणि तरी जगातल्या बड्या निर्यातदारांत युरोप. मोझांबिक, मलावी, थायलंड यांची साखर ज्या बाजारात जायची त्याच बाजारात ही येऊन पडायची.

यात एक पेच होता, आणि पुढचं सगळं प्रकरण त्या पेचाभोवती फिरतं. युरोपच्या जुन्या वसाहतींना १९७५ च्या साखर प्रोटोकॉलनं वर्षाला सुमारे १३ लाख टन साखर युरोपच्याच चढ्या भावानं विकण्याची सोय होती. मॉरिशसचा वाटा सर्वांत मोठा, मग फिजी, गयाना, जमैका वगैरे. भारतालाही वेगळ्या करारानं १०,००० टनांचा कोटा होता. ही आणि इतर सवलतींची साखर युरोप आत घ्यायचा आणि साधारण तेवढीच, सगळी मिळून १६ लाख टन, उघडपणे अनुदान देऊन पुन्हा बाहेर विकायचा. मॉरिशसच्या मळ्यांवर मुंबई इलाख्यातून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आजही त्या बेटावर आहेत. म्हणजे जी व्यवस्था मोझांबिकच्या ऊसवाल्याला मारत होती, तीच मॉरिशसच्या ऊसवाल्याला तारत होती. दोघांकडे ऊसच, आणि दोघांच्याही देशाला युरोपनं वसाहतीच्या काळात ऊस लावायला शिकवलेलं.

मोहीम कशी बांधली

ऑक्सफॅमचा जन्म १९४२ सालचा, ऑक्सफर्डमधल्या दुष्काळ निवारण समितीतून झालेला. युद्धात जर्मनीनं व्यापलेल्या ग्रीसमध्ये लोक उपाशी मरत होते आणि दोस्तांच्या नाकेबंदीमुळे अन्न आत जात नव्हतं. ती नाकेबंदी सैल करा, म्हणून आपल्याच सरकारला गळ घालणं हे या समितीचं अगदी सुरुवातीचं काम. म्हणजे धान्याचं पोतं आणि सरकारदरबारचा अर्ज या दोन्ही गोष्टी संस्थेत पहिल्यापासून बरोबर होत्या. संस्था आधी दानधर्म करत होती आणि नंतर राजकारणात शिरली, असं जे म्हटलं जातं ते तिच्या बाबतीत तरी खरं नाही.

एप्रिल २००२ मध्ये ऑक्सफॅमनं न्याय्य व्यापाराची जागतिक मोहीम उघडली आणि ऑगस्टमध्ये साखरेवरचा अहवाल काढला. २००४ मध्ये दुसरा अहवाल आला आणि त्यातल्या एका हिशेबानं मोहिमेला कणा दिला: एक युरो किमतीची साखर निर्यात करायला युरोप ३.३० युरो खर्च करतो. हा आकडा मोझांबिकच्या शेतकऱ्यासाठी नव्हता. तो बर्मिंगहॅमच्या करदात्यासाठी होता, ज्याला मोझांबिक नकाशावर दाखवता आलं नसतं पण आपल्या खिशातले पैसे कुठे जातात हे कळत होतं. मोहीम चालवणाऱ्यांचं कसब मला इथे दिसतं. दया मागितली की लोक पाच पौंड देतात आणि विसरतात. आपल्या करातून चाललेली उधळपट्टी दाखवली की खासदाराला पत्र लिहितात. चॉकलेट, बिस्किटं आणि शीतपेयं करणाऱ्या उद्योगालाही साखर स्वस्तच हवी होती, तेव्हा तेही सुधारणेच्या बाजूला होते. असे सोबती मिळतात तेव्हा घ्यायचे की नाही, हा प्रश्न अशा प्रत्येक मोहिमेत येतो. इथे ते सोबत चालले, हेतू वेगळे असताना.

आता एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. जागतिक व्यापार संघटनेत तक्रार फक्त सरकार करू शकतं. ऑक्सफॅम काय, जगातल्या सगळ्या संस्था एक झाल्या तरी त्यांना तिथे वादी होता येत नाही. सप्टेंबर २००२ मध्ये ब्राझील आणि ऑस्ट्रेलिया यांनी तक्रार केली, पुढच्या वर्षी थायलंडनं. ऑक्टोबर २००४ मध्ये पंचांनी निकाल दिला आणि एप्रिल २००५ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. क साखरेवर सरकार थेट पैसे देत नसलं, तरी सरकारनं चढा ठेवलेला कोट्याचा भावच त्या निर्यातीला पोसतो, म्हणून तेही निर्यात अनुदानच. १६ लाख टनांची फिरवाफिरवीही बेकायदा ठरली. अनुदानित निर्यातीची मर्यादा आली पावणेतेरा लाख टनांच्या जवळ. नोव्हेंबर २००५ मध्ये युरोपच्या कृषिमंत्र्यांनी भावात चार वर्षांत ३६ टक्के कपात मान्य केली, ६३२ वरून ४०४ युरोपर्यंत.

मग श्रेय कुणाचं? ब्राझीलचे वकील ऑक्सफॅमशिवायही जिनिव्हाला गेलेच असते. त्यांच्या साखर उद्योगाचे हितसंबंध मोठे होते आणि त्या उद्योगाला गरीब म्हणण्याचं धाडस कुणी करणार नाही. संस्थांच्या वार्षिक अहवालांत असं यश ज्या सहजतेनं आपल्या नावावर लिहिलं जातं, त्याकडे मी साशंकतेनंच पाहतो. पण एक काम निकाल करू शकत नव्हता आणि मोहिमेनं केलं. ही व्यवस्था आम्ही गरीब देशांसाठीच चालवतो, त्यांना चढा भाव देतो, असं युरोप जे वर्षानुवर्षं म्हणत होता ते म्हणण्याची सोय राहिली नाही. निकालानंतर युरोपला पळवाटा काढता आल्या असत्या. श्रीमंत देश तिथे पळवाटा काढतातच. या वेळी घरातलंच जनमत त्याच्या विरोधात उभं होतं.

बिल कुणाच्या नावावर फाटलं

भाव खाली आला तो सगळ्यांसाठी आला. मोझांबिकच्या स्पर्धेतून युरोपची क साखर गेली, आणि त्याच फटक्यात मॉरिशस, फिजी, जमैकाला मिळणारा चढा भावही गेला. सेंट किट्ससारख्या छोट्या बेटाचा साखर उद्योग आधीच तोट्यात होता. तिथल्या सरकारनं २००५ च्या हंगामानंतर तो बंदच केला, शेकडो वर्षांची ऊसशेती एका निर्णयात संपली. साखर प्रोटोकॉल २००९ मध्ये इतिहासजमा झाला.

ऑक्सफॅमला हे दिसत नव्हतं असं नाही. तिची मागणी नुसती भाव पाडा अशी नव्हती. उत्पादन आणि निर्यात कमी करा, आणि मोकळी होणारी जागा अतिगरीब देशांना ठरलेल्या कोट्यानं आणि बऱ्या भावानं द्या, अशी होती. त्या देशांनीही २००४ मध्ये युरोपला हेच लेखी सांगितलं की आम्हाला २००९ पासून अमर्याद मोकळा प्रवेश देताय त्यापेक्षा कोटा द्या, भाव टिकवा. आमच्याकडचा कुठलाही ऊसउत्पादक हे लगेच समजेल. मोकळी बाजारपेठ म्हणजे पडलेल्या भावात हवं तेवढं विकायचं स्वातंत्र्य. मागणीचा हा अर्धा भाग युरोपनं बाजूला ठेवला. बीट उत्पादकांना भावकपातीच्या सुमारे ६४ टक्के भरपाई थेट मिळाली. प्रोटोकॉलच्या सगळ्या देशांना मिळून पहिल्या वर्षासाठी ४ कोटी युरो, पुढे २०१३ पर्यंतचा सगळा आकडा सव्वाशे कोटी युरोच्या घरात. मॉरिशसनं तो पैसा वापरून कारखाने एकत्र केले, चिपाडापासून वीज केली, साखर शुद्ध करून विकायला लागला. ज्यांच्याकडे तेवढं सरकार नव्हतं ते मागे राहिले.

धोरणाच्या लढाईतली अडचण इथे आहे. मागणी दोन पायांवर उभी असते. एक पाय असतो ‘हे थांबवा’ आणि दुसरा असतो ‘त्याऐवजी हे करा’. पहिल्याला बातमी मिळते, न्यायालय मिळतं, ब्राझीलसारखा तगडा सोबती मिळतो. दुसऱ्यासाठी पैसा लागतो, आणि तो कुणाला तरी द्यावा लागतो. म्हणून पहिला भाग निकालात निघतो आणि दुसरा भाग समितीकडे जातो.

शुल्कमुक्त प्रवेशाचं पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. कंबोडिया अतिगरीब देशांच्या यादीत होता, त्याची साखर युरोपात विनाशुल्क जाणार हे दिसताच ऊस लावायला जमिनी हव्या झाल्या. कोह काँग प्रांतात २००६ मध्ये हजारो हेक्टर सवलतीनं दिले गेले आणि तिथली कुटुंबं आपल्या शेतावरून हुसकली गेली. गरिबासाठी केलेल्या नियमानं गरिबाचीच जमीन घेतली. मग त्याविरुद्ध दुसऱ्या संस्थांच्या मोहिमा उभ्या राहिल्या, आणि २०१३ मध्ये ऑक्सफॅमनंही साखरेसाठी बळकावल्या जाणाऱ्या जमिनींवर स्वतंत्र मोहीम काढली.

तोच पेच, आता एफआरपीला

२०१९ ची तक्रार समजून घ्यायला वरचं सगळं लागतं. भारतानं २०१८-१९ मध्ये सव्वातीनशे लाख टनांहून जास्त साखर केली. देशातला भाव आणि जागतिक भाव यांत मोठी दरी, गोदामं भरलेली, ऊसबिलं थकलेली. सरकारनं निर्यातीला पैसे दिले. २०१९-२० साठी ६० लाख टनांवर टनाला १०,४४८ रुपये, म्हणजे सहा हजार कोटींच्या वर. हे पैसे साखरेची हाताळणी, वाहतूक आणि विक्रीखर्चासाठी आहेत असं कागदावर होतं. निर्यात अनुदानं संपवायचं २००५ मध्ये हाँगकाँगला आणि २०१५ मध्ये नैरोबीला ठरलं होतं, आणि विकसनशील देशांना वाहतूक-विक्रीखर्चापुरती जास्त मुदत होती, त्या फटीत हे बसवलेलं.

तक्रारीचा दुसरा आणि आपल्या दृष्टीनं मोठा भाग एफआरपीबद्दल, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा जो किमान भाव सरकार ठरवतं त्याबद्दल होता. भारताचं म्हणणं असं की एफआरपी सरकार देत नाही, कारखाना देतो. सरकारच्या तिजोरीतून पैसा जात नसेल तर ती मदत कशी? डिसेंबर २०२१ मध्ये पंचांनी हे नाकारलं. सरकारनं भाव ठरवून दिला, तो बंधनकारक केला, एवढं पुरे. खिसा कुणाचा हे महत्त्वाचं नाही. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत भारतानं उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांची मर्यादा ओलांडली, असा निष्कर्ष निघाला.

युरोपच्या क साखरेबद्दलचा युक्तिवाद आठवून पाहा. कलमं वेगळी आहेत, पण विचाराची धाटणी तीच. आम्ही थेट पैसे देत नाही, असं युरोप म्हणाला आणि हरला. आम्ही थेट पैसे देत नाही, असं भारत म्हणाला आणि हरला. पहिल्या वेळी जगभरच्या गरिबांच्या कैवाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

यावर माझा राग आहे आणि तो लपवत नाही. या हिशेबात तुलनेसाठी जो बाहेरचा भाव धरतात तो १९८६-८८ चा, त्या काळच्या रुपयातला. मग आजची एफआरपी जवळजवळ सगळीच्या सगळी अनुदान दिसणार नाही तर काय? २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, खत, पाणीपट्टी, सोसायटीचं कर्ज. दोन एकर खोडव्याचा मालक आणि युरोपातला बीटचा बागायतदार यांना एकाच सूत्रात घालणारा करार १९९४ साली झाला. निकालाविरुद्ध भारतानं अपील केलं, पण अपील ऐकणारं मंडळच अमेरिकेनं नेमणुका अडवल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून बंद आहे. त्यामुळे प्रकरण अधांतरी, एफआरपी चालू. २०२१-२२ पासून निर्यातीला अनुदानही राहिलं नाही, आणि पुढे तर सरकारनं निर्यातच आवळली.

पण रागाच्या भरात एक प्रश्न टाळता येत नाही. भारताची अनुदानित साखर बाहेर पडली तेव्हा ती कुणाच्या बाजारात पडली? ब्राझीलच्या बड्या कंपन्यांच्या, आणि त्याच बाजारात विकणाऱ्या आफ्रिकेतल्या छोट्या ऊसवाल्यांच्याही. २००२ मध्ये त्यांच्यासाठी मांडलेला हिशेब २०१९ मध्ये आमच्याविरुद्ध तसाच मांडता येतो. ‘आम्हीही गरीबच’ हे म्हणणं खरं असूनही त्यांच्या कामाचं नाही.

फडात

आणि ‘आम्ही’ म्हणजे कोण? जानेवारीत आमच्या फडात बीडची ऊसतोड टोळी होती. पहाटे तोड सुरू झाली, उन्हं वर येईपर्यंत मोळ्यांच्या रांगा लागल्या, मग ट्रॉलीला फळी लावून बायका डोक्यावर मोळी घेऊन चढायला लागल्या. चिटबॉयनं, म्हणजे कारखान्याच्या पावत्या करणाऱ्या माणसानं, पावती फाडली. पावतीवर माझ्या वडिलांचं नाव, गट नंबर, उसाची जात, वाहनाचा नंबर, मुकादमाचं नाव. फळीवर चढणाऱ्या बाईचं नाव कुठेच नाही. ती आणि तिचा नवरा मिळून एक कोयता, आणि कोयत्याची उचल हंगामाआधीच मुकादमानं नवऱ्याच्या हातात दिलेली. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून येतील तेवढे सुटे पैसे तिचे.

रेशनचा विषय निघाला. मी म्हटलं, “मावशी, आता इथल्या दुकानातही मिळतं की. अंगठा लावायचा फक्त.”

“कार्ड गावाकडं हाय, सासूपशी. दोन लेकरं बी तिच्यापशीच. म्या हितं अंगठा लावला तर तिकडं त्यांनी काय खावं?”

नियमात निम्मं इथे आणि निम्मं तिकडे उचलायची सोय आहे. स्थलांतर करणाऱ्यांना डोळ्यापुढे ठेवूनच तो बदल केला गेला. तिच्यापर्यंत तो पोचला नव्हता. मलाही ते दुकानदाराला विचारल्यावर कळलं.

युरोपची मोहीम असो की जिनिव्हातली तक्रार, दोन्हीकडे ‘शेतकरी’ आहे, कारखाना आहे, करदाता आहे, देश आहे. ऊस तोडणारा नाही. मोझांबिकमध्येही ऊस कुणीतरी तोडतंच. आमच्या भागात शेतकऱ्याला बोलायला माणसं आहेत. जयसिंगपूरची ऊस परिषद आहे, रस्ता रोखता येतो, आणि कोर्टही. राज्यानं २०२२ मध्ये एफआरपीचे दोन हप्ते करायचा निर्णय काढला, शेतकरी नेते राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले, मार्च २०२५ मध्ये तो निर्णय रद्द झाला. धोरणाची लढाई कशी लढायची हे आम्हाला ऑक्सफॅमनं शिकवायची गरज नाही. रोजगार हमीचा पहिला प्रयोग वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केला, त्याचा राज्यात कायदा झाला आणि पुढे २००५ मध्ये देशाचा.

तोडणी मजुरांची बाजू अलीकडे थोडी हलली. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर ओरड झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. मकाम (महिला किसान अधिकार मंच) सारख्या संघटनांनी वस्त्यांवर जाऊन पाहण्या केल्या. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आलं आणि कारखान्यांनी टनाला १० रुपये त्यात भरायचे असं ठरलं. राज्यात १० कोटी टन गाळप झालं तर हे १०० कोटी होतात. गावोगावच्या संस्थांनी दहा वर्षं ब्लँकेट वाटून एवढी रक्कम उभी राहणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली ती मात्र संपाच्या धाकानं, संस्थांच्या अहवालानं नाही.

संस्थांचे हात

मग इथल्या संस्था यात का उतरत नाहीत? विश्वस्तांच्या बैठकीत एकच वाक्य असतं: “राजकारण नको.” भीती निराधार नाही. ब्रिटनमध्येसुद्धा १९९१ मध्ये तिथल्या धर्मादाय आयोगानं दक्षिण आफ्रिकेवर निर्बंधांची मागणी केल्याबद्दल ऑक्सफॅमला फटकारलं होतं, आणि आज त्या मागणीबद्दल कुणाच्या मनात शंका नाही. आपल्याकडे २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, म्हणजे दिल्लीतल्या मोठ्या संस्थेनं जतमधल्या छोट्या संस्थेला पैसे देऊन पाहणी करवून घ्यायची वाट बंद झाली. ऑक्सफॅम इंडियाची स्वतःची परदेशी निधीची नोंदणीही २०२१ च्या अखेरीनंतर राहिली नाही. त्याच २०२० च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं इन्साफ या संघटनेच्या खटल्यात सांगितलं होतं की लोकांच्या प्रश्नासाठी मोर्चा किंवा बंद यांना पाठिंबा दिला एवढ्यावरून, पक्षीय राजकारणाचा संबंध नसेल तर, संस्थेला राजकीय म्हणता येणार नाही. हा निकाल आमच्याकडच्या विश्वस्तांना कुणी वाचून दाखवायला हवा. शिवाय टनामागचे १० रुपये आपल्या तालुक्यातल्या कारखान्यानं भरले का, हे माहितीच्या अधिकारात विचारायला परदेशी निधी लागत नाही.

सध्या विचारण्यासारखं आणखी एक आहे. टोळ्या कमी पडतात, मुकादम उचल घेऊन फसवतात, खेपेमागे ‘एन्ट्री’ म्हणून वरकड पैसे मागितले जातात, म्हणून शेतकरी आणि कारखाने दोघांनाही हार्वेस्टर हवं आहे. मलाही हवं आहे. त्यासाठी सरकार किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपयांपर्यंत अनुदान देतं, यंत्र घेणाऱ्याला. एक यंत्र आलं की कित्येक कोयते घरी बसतात, जतचे, माणचे, बीडचे. युरोपनं भाव पाडताना बीटवाल्याला ६४ टक्के भरपाई दिली, सेंट किट्सच्या मजुराच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. इथे नियम अजून ओला आहे. हार्वेस्टरच्या प्रत्येक अनुदानातला ठरावीक हिस्सा ज्या टोळीचं काम गेलं तिच्या नावानं महामंडळात भरावा, आणि पावतीवर कोयत्यातल्या दोघांची नावं लिहावीत, म्हणजे टोळी कोण होती हे सिद्ध करता येईल. पावतीचा नमुना बदलायला कायदा लागत नाही, कारखान्याच्या संचालक मंडळाचा ठराव पुरतो. तो विषय वार्षिक सभेच्या अजेंड्यावर घ्या असं पत्र सभासद म्हणून मी दिलं आहे. सूचक मी, अनुमोदक अजून मिळायचा आहे.